आत्याबाई, तुमचा भातकुलीचा तह

आत्याबाई,

तुमची तेरवी होऊन चार दिवस झाले. जेवायला आलेल्या माणसांनी तुमच्याबद्दल पुष्कळ सांगितलं. गोदाबाई कष्टाची होती, गोदाबाईचं वांगं कधी किडकं निघालं नाही, गोदाबाईनं मालक गेल्यावर दोन लेकरं एकटीनं वाढवली. सगळं खरंच आहे. पण परक्या राजाच्या दरबारात गेलेल्या वकिलाला तिथं कोणी हात का लावत नाही, हे अख्ख्या वलगावात तुमच्याइतकं कोणाला कळत होतं, ते एकानंही सांगितलं नाही. ते मलाच सांगावं लागणार. वलगावातून भातकुलीला आपण दोघीच गेलो होतो.

मी हे पेपरातल्या भाषेत लिहिते आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आपल्या बोलीत बोल नं वो, काहून तोंड वाकडं करून राहिली?" पण आठ वर्षं तुम्हांला पेपर वाचून दाखवला, त्यानं हाताला तेच वळण लागलं. तुमचं बोलणं मात्र तुमच्याच शब्दांत लिहीन.

मी अकोल्याची. बाप कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात मुकादम, म्हणून मला मराठी चौथीपर्यंत शिकायला मिळालं. लग्न होऊन वलगावला आले तेव्हा तुम्ही शेजारणींना सांगितलं, "सून शिकेल हाय." त्यात कौतुक नव्हतं. पहिलं वर्षभर मी केलेली भाकर तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत उचलून पुन्हा निखाऱ्यावर शेकत होता. मी अकोल्याला आईला पत्र लिहायची आणि त्यात ती भाकर हमखास असायची. तुम्हांला वाचता येत नव्हतं, पण पत्रात काय असतं ते तुम्ही ओळखून होता.

मग ती दुपार. विहिरीजवळच्या आंब्याखाली आपण मेथीच्या जुड्या बांधत होतो. अमरावतीहून झेंडूच्या टोपल्यांवर झाकून आलेला पेपराचा एक तुकडा माझ्या पुढ्यात पडला होता आणि माझे डोळे सारखे तिकडे जात होते.

"काय लिवलं हाय त्याच्यात? कवाची पाहून राहिली."

"दोन राज्यायनं तह केला म्हंते."

"तह म्हंजे?"

मी सांगितलं. दोन्ही बाजू लढून थकल्या की समोरासमोर बसतात. कोणाचं काय राहील, कोणी काय करायचं नाही, ते लिहून काढतात आणि मग दोघांनी ते पाळायचं.

"अन् मन जुळते त्यानं दोघायचं?"

"मनाचं काई लिवलं नाई याच्यात."

तुम्ही जुडीला गाठ मारली, शेंडे सारखे केले, आणि म्हणाला, "हे बेस हाय. मन जुळाची वाट पाहा नाई लागत." पुढची जुडी हातात घेतली. "मंग आपुनबी करून टाकू. मी तुही भाकर दुसऱ्यांदा शेकत नाई. तू अकोल्याले माह्याबद्दल लिवू नको."

मला हसू आलं, पण तुम्ही हसत नव्हता. त्या संध्याकाळी भाकर ताटात आली तशीच तुम्ही खाल्ली. कच्ची होती, मला दिसत होतं. पुढच्या महिन्यात मी आईला चार ओळींचं पत्र पाठवलं आणि ती इतकी घाबरली, की भावाला बघायला पाठवलं.

तेव्हापासून तुम्हांला पेपराचा नाद लागला. शाळेतले मास्तर आठवड्याचा जुना पेपर आणून द्यायचे आणि जाताना मेथी न्यायचे. तुम्हांला खुनाच्या, चोरीच्या बातम्या नको असत. "ते आपल्याकडंबी होते. राज्याराज्याचं वाच." आणि एकेक शब्द हातात घेऊन तुम्ही तो वांग्यासारखा चारी बाजूंनी पाहायच्या. एकदा मी वाचलं, की अमुक देशानं आपला वकील परत बोलावला.

"फी देल्ली नसंन."

मी पोट धरून हसले. हा कचेरीतला वकील नव्हे, एका राजानं दुसऱ्याकडे आपल्या वतीनं बोलायला ठेवलेला माणूस, असं समजावलं.

"म्हंजे सोयरिकीची बोलनी कराले जाते तसा."

"तसाच."

"मंग सोयरीक मोडली म्हन नं सरकं. वकील परत बोलावला म्हंते!"

वऱ्हाडाचा करार झाला तेव्हाचंही मला तसंच आठवतं. पेपरात आलं होतं, की वऱ्हाडावरचा सार्वभौम हक्क हैदराबादच्या निजामांचा, आणि कारभार मात्र पहिल्यासारखा इंग्रज सरकारनंच मध्यप्रांताच्या जोडीनं चालवायचा. 'सार्वभौम' या शब्दाशी मी अडखळले. मास्तर कुंपणाशी उभे होते. त्यांनी सांगून पाहिलं, पण त्यांचंही मधेच अडलं.

तुम्ही म्हणाला, "त्यात काय हाय? संत्र्याचा बगीचा मालकाचा, मक्ता बागवानाचा. नाव मालकाचं राह्यते, फळ मक्तेवाला नेते."

"बरोबर," मास्तर म्हणाले.

"अन् आपुन कोन त्याच्यात?"

"आपण रयत, गोदाबाई."

"आपुन झाडं, मास्तर. झाडाले कोनी इचारते काय, तुहा बहार कोनाले देऊ म्हनून?"

मास्तरांनी मेथीची जुडी या हातातून त्या हातात घेतली आणि निघून गेले. पुढं वर्गात त्यांनी हे पोरांना सांगितलं म्हणतात. साहेब तपासणीला आले त्या दिवशी मात्र गाळलं.

पण आत्याबाई, तुमचं खरं शिक्षण बाजारात कामी आलं. अमरावतीच्या बाजारात भिंतीच्या सावलीची जागा आपल्या वलगावच्या बायांची होती. कोणी दिली नव्हती, पण बसत आलो होतो. मग भातकुलीच्या बाया आपल्या अगोदर पोचायला लागल्या आणि त्यांनी सावली धरली. आपली पालेभाजी उन्हात पडली. दुपारपर्यंत मेथी मान टाकायची आणि तीच मेथी मातीमोल विकून घरी यायचं. एका बाजाराला तुमचा तोल सुटला. भातकुलीच्या तुळसाबाईची सांबाराची टोपली तुम्ही पायानं उडवली. कोथिंबीर रस्ताभर झाली. झिंज्या धरल्या गेल्या, बांगड्या फुटल्या. बाजाराच्या ठेकेदारानं दोन्ही गावांना बजावलं, पुन्हा असं झालं तर एकीलाही आत घेणार नाही.

घरी आल्यावर तुम्ही मला कागद काढायला लावला. पेपरातला 'निर्वाणीचा खलिता' तुम्हांला फार आवडला होता.

"लिव. येत्या बाजारापर्यंत आमची जागा खाली करून द्या. नाहीतर."

मी लिहिलं. "नाहीतर काय, आत्याबाई?"

तुम्ही विचारात पडला. ओट्यावरून उठला, गाईला पाणी पाजलं, परत आला.

"नाहीतर काय करू शकतो वो आपुन?"

"काईच नाई. उलटं आपल्यालेच बाहीर काढतीन."

"मंग फाड. ज्याच्या नाहीतरच्या पुढं काई नाई, तो खलिता धाडू नाई."

मी फाडला. तुम्ही म्हणाला, "आता वकील धाडाव लागते." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच नवं लुगडं नेसून बंडीत बसला, मला बाजूला घेऊन.

वाटेत भातकुलीची झाडं दिसायला लागली तेव्हा तुम्ही विचारलं, "वकिलाले मारत नाईत, असंच लिवलं हाय नं पेपरात?"

"हो."

"त्यायनं वाचलं असंन काय?"

मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. तुमच्या कपाळावर तुळसाबाईच्या नखाचा ओरखडा अजून ताजा होता.

तुळसाबाई अंगणात लसूण निवडत होती. तिनं या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. आपणच ओट्याच्या कडेला टेकलो. तुम्ही जागेचं बोलायला लागला, उन्हाचं, मेथीचं. ती लसूणच निवडत राहिली. तिच्या चार शेजारणी येऊन उभ्या राहिल्या. मग तुळसाबाई वर न पाहता म्हणाली, "जागेचं मागून पाहू. माह्या सांबाराचं काय झालं ते पयले बोल."

मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल की तूही माझे केस ओढले. ते खरंच होतं. तुमचे ओठ हललेही. मग तुम्ही खाली जमिनीकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुह्या सांबाराले माहा पाय लागला. लागला नाई, मी मारला. मातीतून उगवेल चीज, पायानं उडवाले नोको होती."

तुळसाबाई उठून आत गेली. मी बंडीकडे पाहिलं, बैल सोडलेले होते. पण ती परत आली ती पाण्याचा गडवा घेऊन. आधी तुम्हांला दिला, मग मला.

नंतरचं सगळं सोपं झालं. भिंतीची सावली सकाळी लांब असते, दुपारी आखूड. एका बाजाराला भातकुलीनं भिंतीशी बसायचं, वलगावनं पुढच्या ओळीत. दुसऱ्या बाजाराला उलट. ज्या ओळीला ऊन लागेल तिनं आपली पालेभाजी दुसरीच्या मागं भिंतीला लावून ठेवायची. मी ते लिहून काढलं. तेव्हा तुळसाबाई अडली.

"लिवनारी तुहीच सून. काय लिवलं, आमाले का मालूम?"

बरोबर होतं तिचं. तिच्याकडे वाचणारं कोणी नव्हतं. तुम्ही माझ्या हातातला कागद घेतला आणि तिच्या पुढ्यात ठेवला.

"हा तुह्याजवळच राहू दे. अमरावतीत ज्याच्याकून वाचाचा त्याच्याकून वाचून घे."

"अन् तुले?"

"मले दुसरा नोको. मी काय म्हनलं ते मले याद हाय."

परतीच्या वाटेवर मी तुमच्याशी भांडले. पेपरात प्रत्येक तहाच्या दोन प्रती निघतात, दोन्ही बाजूंकडे एकेक राहते, असं सांगितलं. आपल्याकडे काहीच पुरावा राहिला नाही. तुम्ही ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते राजे हायत. त्यायले रोज एकमेकाच्या बाजूले बसा नाई लागत."

तुळसाबाईनं तो कागद तिघांकडून वाचून घेतला, हे तिनंच तुमच्या तेरवीला मला सांगितलं. तिघांनी सारखंच वाचलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली म्हणे. पुढच्या बाजाराला आपण पोचलो तेव्हा भिंतीशी वलगावची जागा रिकामी होती. पाळी खरं तर त्यांची होती.

आता आपलं जे भांडण राहून गेलं, त्याच्याकडे येते.

तीन वर्षांपूर्वी तुमच्या दोन्ही लेकांनी वाटण्या मागितल्या. थोरले दामोधरभाऊ, माझे भासरे, आणि धाकटे हे. वावराच्या मधोमध, विहिरीवरून, धुरा म्हणजे बांध टाकायचं ठरलं. दोघांनी मिळून खुणेचा दगड रोवला आणि दुसऱ्या दिवशी पंच यायचे होते. पंच आले तेव्हा विहीर पूर्ण आमच्या बाजूला होती. भासरे म्हणाले, "दगड काल इथी नव्हता." हे म्हणाले, "इथीच होता." पंचांनी दगडाकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं. तेव्हा तुम्ही मला हाक मारलीत.

"शेवंता, तू फुलं तोडाले रोज उजाडता तथी असते. दगड कोठी होता?"

मी म्हटलं, "मी तटस्थ हाय, आत्याबाई. मले दोघा भावायच्या मधात घालू नका."

पंचांना तो शब्द आवडला. सून शहाणी आहे, असं कोणीतरी म्हणालं. दगड राहिला तिथंच राहिला. भासरे आणि जाऊबाई कोरड्या वावराला कुलूप लावल्यासारखं सोडून अंजनगाव सुर्जीला दुसऱ्याच्या बगीच्यात राबायला गेले. तुम्ही आमच्याकडे राहिला.

आठवड्यानं मी पेपर वाचत असताना तुम्ही म्हणाला, "तटस्थ म्हंजे काय वो नेमकं?"

"तट म्हंजे काठ. काठावर उभा राहनारा. कोनाच्याच बाजूनं नाई."

"कोनी बुडून राह्यलं त काठावरचा काय करते?"

मी चिडले. तटस्थ देशांचं किती चांगलं असतं ते सांगितलं. दोन्हीकडचे जखमी ते सांभाळतात, दोन्हीकडची पत्रं पोचवतात, त्यांच्याच घरी बसून तह होतात. तुम्ही सगळं नीट ऐकलं.

"मंग तू कोनाचं पत्र नेलं?"

मी पेपर घडी करून उठून गेले. त्यानंतर या एका शब्दावर आपण कितीदा भांडलो असू. मी नवे नवे देश पुढं करायची आणि तुम्ही तोच प्रश्न विचारायच्या, आवाज न चढवता, जुडी बांधता बांधता. वाद कधीच संपला नाही. गेल्या उन्हाळ्यात मात्र भासरे परत आले, धुरा पुन्हा मांडला गेला, विहीर दोघांची झाली. एक दिवस त्यांची मोट, एक दिवस आमची. तुम्ही विचारलं, हे कसं झालं? मी म्हटलं, "तुमच्या लेकायनं मिटवलं." तुम्ही मान हलवली.

मग हा ताप आला. शेवटच्या दुपारी तुमचे दोन्ही लेक खाटेशी बसले होते, एक डोक्याशी, एक पायांशी. जाऊबाई पेज करत होत्या. तुम्ही डोळे उघडून मला विचारलं, "पेपरात काय हाय?"

पेपरात युरोपची लढाई होती. शहरांवर विमानं जात होती. मला ते वाचवेना. मी पेपर उघडून धरला आणि वाचल्यासारखं म्हटलं, "तह झाला, आत्याबाई."

"कोन झुकलं पयले?"

मी म्हटलं, "दोघंबी संगच."

तुम्ही हसला. आवाज नव्हता, पण हसला हे सगळ्यांनी पाहिलं. "खोटं वाचून राह्यली. संगच कोनी झुकत नाई." मग माझा हात हातात घेतला आणि झोपला. लेक दोन्हीकडे होते, पेज गरम होती, बाहेर मोटेचा आवाज येत होता. दिवस मावळायच्या आत तुम्ही गेला. याहून बरं जाणं मला माहीत नाही.

पण ते खोटं वाचन तुम्ही पकडलं आणि माझं दुसरं खोटं तसंच राहून गेलं. ते आज सांगते.

आत्याबाई, तुमच्या लेकांनी आपणहून मिटवलं नाही. दगड हलवला तेव्हा मी तिथंच होते. फुलांची टोपली माझ्या कमरेवर होती. यांनी दगड उपटला, अकरा पावलं पलीकडे नेला, रोवला, पायानं माती दाबली आणि वर पाहिलं तेव्हा मी दिसले. मी झेंडू तोडत राहिले. विहीर आपल्याला मिळणार, हे मला त्या घटकेला बरं वाटलं होतं. तटस्थ हा शब्द मला नंतर सापडला. तो माझ्या कामाचा होता म्हणून उचलला.

दोन वर्षं तुमचा प्रश्न ऐकल्यावर गेल्या उन्हाळ्यात मी यांना एवढंच म्हटलं, "मी पाह्यलं होतं, अन् आता मले ते सांगाव लागते." हे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वाफ्याला पाणी देताना पाठ करून उभे राहायचे. नवव्या दिवशी म्हणाले, "दादाले जाऊन काय सांगशीन?" मी म्हटलं, "तुमी सांगा म्हनाल ते." ते हातातलं फावडं धूत होते. मग म्हणाले, "दगड मी हलवला, असं सांग." तुम्हांला माहेरी जाते असं सांगून मी अकोल्याच्या नावानं निघाले होते ना, तेव्हा मी अंजनगावला गेले होते. भासऱ्यांनी ऐकलं. जाऊबाई रडल्या. भासरे म्हणाले, "मले त्याच दिवशी मालूम होतं. त्याच्या तोंडून ऐकाचं होतं." मी म्हटलं, "त्यायनंच धाडलं." ते पत्र मी नेलं, आत्याबाई. उशिरा नेलं, पण नेलं.

हे तुम्हांला सांगायला मला लाज वाटली, म्हणून लेकांच्या नावावर घातलं. आता वाटतं, तुम्हांला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नाहीतर एवढ्या पंचांसमोर मलाच हाक का मारली असती? ठाऊक असून तुम्ही गावात बोलला नाही, लेकाला धाकात घेतलं नाही, मला खोटी पाडली नाही. राजे खलिता पाठवतात तेव्हा मुदत घालतात, अमुक दिवसापर्यंत उत्तर द्या म्हणतात. तुम्ही मला मुदत घातली नाही. दोन वर्षं रोज माझ्यासमोर बसून जुड्या बांधल्या, आणि वाट पाहिली.